शेवटच्या घरामागची मोरी

साहेब माणसाच्या तोंडाकडं बघत नसत, पायांकडं बघत. मी दोन वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं, तरी बाजारात समोरून आले तर ते मला ओळखायचे नाहीत. मी पुढं निघून गेले की मागून हाक यायची, "बाई, थांबा." एकदा मी विचारलं, पाठमोरी कशी ओळखता? म्हणाले, "तुम्ही उजवी टाच घासता." घरी येऊन चपला उलट्या करून बघितल्या. उजवी टाच खरंच झिजलेली होती. दहा वर्षं माझ्याबरोबर संसार करणाऱ्या माणसाला ते कधी दिसलं नव्हतं.

भिंगारमध्ये त्यांना तोंडावर साहेब आणि पाठीमागं गटारसाहेब म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं त्यांना आमच्याकडं पाठवलं होतं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. लहान पोरांचे पाय लुळे पाडणारा पोलिओ जिल्ह्यात कुठं कुठं फिरतोय ते शोधायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी ते दोन गोष्टी करत. गावोगाव फिरून पाय गेलेली पोरं मोजत, आणि गटाराचं पाणी बाटलीत भरून पुण्याला तपासायला पाठवत. पहिली गोष्ट लोकांना कळायची. दुसरीला लोक हसायचे.

हसण्यासारखा अवतारही होता. उंच, खांद्यात वाकलेले, खाकी हाफ पँट, आणि भर उन्हाळ्यात पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट. खिशात तपकिरीची डबी. दर दहा मिनिटांनी चिमूट नाकात जायची. "गटारापाशी बसायचं तर नाकाला आधी झोपवावं लागतं," असं म्हणायचे. छत्री होती, पण ती पावसात उघडत नसत. तिच्या टोकानं गटाराची खोली मोजायचे, आणि पाऊस आला की भिजायचे. छत्रीला घाण लागलेली असते, ती डोक्यावर कशी धरणार, असं त्यांचं उत्तर.

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातली एक फजिती ते स्वतःच सांगायचे. तिथं लोक बैलाचे दात बघतात, खुरं बघतात, चालवून बघतात. साहेब त्या गर्दीत उकिडवे बसून शेतकऱ्यांबरोबर आलेल्या पोरांचे पाय बघत होते. एकानं हटकलं, "काय सायेब, एवढे बैल सोडून माझ्या पोराकडं काय बघताय? दावं लावून न्यायचंय का काय?"

"डावा पाय कधीपासून ओढतो?" साहेबांनी विचारलं.

त्या माणसाचा आवाजच उतरला. "दोन वर्सं झाली. ताप आल्ता."

शेजारी बैलांचा एक म्हातारा व्यापारी बसला होता. तो म्हणाला, "असं नुसतं बघून तुमाला काय कळायचं न्हाई. जनावर लबाड असतंय, मालक त्याहून लबाड. लंगडा बैल बी बाजारात आनला की नीट उभा राहतोय. ओल्या जमिनीवरनं चालवा आन् ठसे बघा."

साहेबांनी तिथंच वही काढून ते लिहून घेतलं. जमीन किती ओली हवी तेही विचारलं. त्या व्यापाऱ्याला ते पुढं कायम गुरुजी म्हणत, आणि बाजारात भेटला की त्याला वाकून नमस्कार करत. बैलाच्या व्यापाऱ्याला नमस्कार करणारा सरकारी माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

आमच्या दारात ते पहिल्यांदा आले ते तांब्याभर पाणी मागत. सासूला वाटलं तहान लागली असेल. तिनं तांब्या भरून दिला, आणि साहेबांनी तो आमच्या ओट्यावर ओतला.

"आगं बया! प्यायला दिलेलं पानी सांडतंय हे!"

"आजी, घरातली मुलं यावरून चालवा."

सासू काय ते समजली. "आमच्यात लंगडं-पांगळं कुनी न्हाई. दोन पोरी हायेत, दोनी धडधाकट. जावा पुढं."

धाकटी तेव्हा रांगतही नव्हती. थोरली सहा वर्षांची होती, आणि ती पडद्यामागं पत्र्याच्या पेटीवर बसलेली होती. ती दोन वर्षांची असताना ताप आला आणि डावा पाय गेला. पुढं हिला कोण करून घेणार म्हणून परक्या माणसासमोर तिला चालवायची नाही, अशी आमच्या घरात रीत पडली होती. ती रीत मीही चार वर्षं पाळली. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण पाळली.

साहेब गेले नाहीत. ओट्याच्या कडेला बसून तपकीर ओढत राहिले. पाणी सांडलेलं बघून थोरलीला राहवलं नाही. ती पडदा सारून आली आणि पाण्यातून पलीकडं कोरड्यावर गेली. उजवं पाऊल पुरतं उमटलं. डाव्याची नुसती बोटं उमटली आणि मागं एक ओढलेली रेघ. साहेबांनी खिशातून पट्टी काढून ते मोजलं. त्यांच्या वहीत तीन रकाने होते. डावा, उजवा, दोन्ही. डाव्याच्या रकान्यात त्यांनी खूण केली.

"हिला लपवू नका," ते म्हणाले. "रोग या गल्लीतून गेलाय हे मला तुमच्यापैकी कुणी सांगितलं नाही. हिनं सांगितलं."

सासू पुटपुटत आत गेली. मला त्यांनी विचारलं, "वाचता येतं?"

"चौथी झालीय."

"आकडे?"

"शंभरापर्यंत. उलटे बी येतात."

"उलटे कशाला लागतात?" म्हणाले, आणि सोमवारपासून कामावर यायला सांगितलं. घरोघर जाऊन बायकांशी बोलायला त्यांना बाईमाणूस हवं होतं. साहेबांना बायकांशी बोलता येत नव्हतं. ते त्यांच्या पायांकडं बघत बोलायचे आणि बायका पदर ओढून आत पळायच्या.

घरात गोंधळ झाला. नवरा लष्कराच्या डेपोत कामाला होता. तो म्हणाला, कर. सासू म्हणाली, "गटारात हात घालून येशील आन् त्याच हातानं भाकरी थापशील." तिनं माझ्यासाठी मागच्या दाराशी वेगळी बादली ठेवली. अंघोळ केल्याशिवाय मला चूल शिवू देत नसे. शेजारणींनी तर मला दोन वर्षं हळदीकुंकवाला बोलावलं नाही. मीही गेले नाही. काम पुष्कळ होतं.

गटाराचं काम असं होतं. जखमेला लावतात तसल्या जाळीच्या कापडाची जाड घडी करायची, तिला दोरी बांधायची, आणि बाजाराच्या मागच्या मोठ्या गटारात खुंटी ठोकून ती घडी पाण्यात सोडायची. महिन्यातून एकदा सोमवारी सोडायची, बुधवारी काढायची. दोन दिवस सगळ्या वस्तीचं पाणी तिच्यातून गाळलं जातं. मग ती बाटलीत पिळायची, बाटली बर्फात ठेवायची, आणि पुण्याच्या एस.टी.त द्यायची.

एस.टी.त द्यायची ती मीच द्यायची, कारण साहेबांना खोटं बोलता येत नव्हतं. पहिल्या वेळी कंडक्टरनं विचारलं, "काय हाय ह्याच्यात?" साहेब म्हणाले, "गटाराचं पाणी." कंडक्टरनं डबा खाली ठेवला आणि घंटी मारली. पुढच्या वेळी मी म्हणाले, "औषध हाय मास्तर, जरा सावलीला ठेवा." त्यानं आपल्या सीटखाली ठेवलं. साहेब लांब उभे राहून छत्रीकडं बघत होते.

मी एकदा त्यांना विचारलं, पोरांच्या पायांचा आणि गटाराचा संबंध काय? त्यांनी मला बाजारातल्या पायरीवर बसवून सांगितलं, आणि इतकं सोपं सांगितलं की मला ते आजही तसंच सांगता येतं. हा रोग पोटातून जातो. पुष्कळ पोरांना होतो, पण पाय एखाद्याचाच जातो. बाकीची खेळत राहतात आणि त्यांच्या शौचातून तो पसरत राहतो. म्हणून पाय जायच्या आधी तो गटारात सापडतो. "पाय मोजणं म्हणजे चोर पळाल्यावर घर मोजणं आहे, बाई," ते म्हणाले. "मला तो आत शिरताना पकडायचाय."

पण तो सापडत नव्हता. दर महिन्याला पुण्याहून चिठ्ठी यायची. तिच्यावर एकच शब्द असायचा, निरंक. म्हणजे काही सापडलं नाही. एक महिना निरंक, दोन महिने निरंक, पाच महिने निरंक. आणि त्याच पाच महिन्यांत आमच्या पलीकडच्या ओळीत दोन पोरांना ताप येऊन पाय लुळे पडले. साहेब त्या दोन्ही घरी रोज जायचे. एका आईनं त्यांना तोंडावर म्हटलं, "तुमी गटारात बसा. माझं पोर गेलं हिकडं कामातनं." साहेब दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्या दारात गेले.

मग पुण्याहून मोठं पत्र आलं. साहेबांनी ते मला वाचायला दिलं. सरकारी मराठी मला निम्मी कळली, पण मतलब कळला. पोलिओच्या लशीचे थेंब थोडे आहेत, जिथं गटारात रोग सापडेल तिथं आधी पाठवायचे आहेत. भिंगारमध्ये सापडत नाही. पुढची चिठ्ठी निरंक आली की हे काम बंद.

माझी धाकटी तेव्हा नुकती रांगायला लागली होती. त्या दिवशी घरी गेल्यावर तिचे पाय मी दाबून बघितले. मग रोजच बघायला लागले.

त्याच आठवड्यात मी धुणं वाळत घालत होते, तर कामावर नेसायच्या हिरव्या लुगड्यावर खालच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले. नवं लुगडं. घडी पिळताना शिंतोडे उडायचे तिथंच ठिपके. मला राग आला. दुसऱ्या दिवशी साहेबांना म्हणाले, "साहेब, गटाराच्या पाण्यानं लुगड्याचा रंग जातो का?"

ते वहीत काही लिहीत होते. हात तिथंच थांबला. "नाही जात," ते म्हणाले. "दाखवा."

दाखवलं. पायांखेरीज इतका वेळ ते कशाकडं बघताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"बाई, घडी काढताना वास कसला येतो?"

"पावडरीचा. गटारात मारतात त्या."

"कधी?"

"घडी काढायच्या दर बुधवारी येतो की."

"पाच महिन्यांत सांगितलं का नाही?"

"तुमाला येत न्हाई हे मला काय ठाऊक?" मी म्हणाले. मला वाटायचं, पावडर मारणं हा त्यांच्याच कामाचा भाग असेल. साहेबानं सांगितल्याशिवाय गटारात पावडर कोण मारतं?

साहेबांनी तपकिरीची डबी खिशातून काढली, तिच्याकडं बघितलं, आणि पुन्हा खिशात ठेवली. वीस वर्षं त्या नाकाला कसलाही वास आला नव्हता.

आम्ही गटारावरच्या मुकादमाकडं गेलो. तो दारात दात घासत बसला होता.

"व्हय, मारतो की पावडर," तो म्हणाला. "बुधवारी झुंजूमुंजू व्हायला दोन डबे मारतो. सायेब येनार म्हंजी गटार चकाचक नको का?"

"पण मी येणार हे तुम्हाला सांगतं कोण?"

"तुमीच की! दर म्हैन्याला तुमचं पत्र येतंय हापिसात. बुधवारी येत आहे म्हनून. लगेच वरनं हुकूम, सायेब येतोय, घान दिसता कामा नये. माझी मानसं हाताला फोड येईस्तोवर मारत्यात. शाबासकी तर ऱ्हायली बाजूला, चौकशीच करताय व्हय?"

हे खरं होतं. साहेब नियमाचे पक्के. सरकारी गटारात हात घालायचा तर आठ दिवस आधी कळवायचं, असा नियम होता, आणि ते दर महिन्याला न चुकता सुवाच्य अक्षरात कळवत होते. त्या पावडरीनं लुगड्याचा रंग जातो, तर रोगाचं काय राहणार?

मला वाटलं आता मुकादमाची खैर नाही. साहेबांनी डबी काढून त्याच्यापुढं धरली. "पाच महिने मी पुण्याला तुमची पावडर तपासायला पाठवत होतो," म्हणाले. "पावडर उत्तम आहे. शाबास." मुकादमानं चिमूट घेतली आणि खूश होऊन सलाम केला. त्याला आजही वाटत असेल की आपला गौरव झाला.

वाटेत मी म्हणाले, "आता पत्र पाठवू नका म्हणजे झालं."

"तो नियम आहे."

"मग पत्र बुधवारचं पाठवा आणि रविवारी काढू."

"म्हणजे खोटं."

मला अशी चीड आली. एका बाजूला माझी रांगणारी पोर, आणि हा माणूस नियम धरून बसलेला. मी रस्त्यातच थांबले. "साहेब, माझ्या घरामागची मोरी सरकारी हाय का?"

ते पायांकडं बघायचे थांबले. माझ्या तोंडाकडं बघितलं. दोन वर्षांत तेवढं एकदाच.

आमची चाळ वीस घरांची, आणि आमचं घर शेवटचं. सगळ्या मोऱ्यांचं पाणी आमच्या मागच्या दारावरून जाऊन मग मोठ्या गटाराला मिळायचं. चाळीतली बारकी पोरं सकाळी तिच्याच काठावर रांगेनं बसायची. त्या घाणीपायी ते घर कुणी घेत नव्हतं, म्हणून आम्हाला मिळालं होतं. पण मोरी चाळीची होती, आणि माझ्या दारात घडी बांधायला कुणाला पत्र लिहायची गरज नव्हती.

साहेबांनी तिथंच पिशवीतलं रजिस्टर काढलं. नमुना घेणाराची सही असा रकाना होता. "तुमची मोरी, तुम्ही घडी सोडणार, तर सही तुमची," म्हणाले. भिंतीला रजिस्टर लावून मी पूर्ण नाव लिहिलं. लग्नानंतर मी कागदावर लिहिलेलं ते पहिलं नाव. वळण बरं नव्हतं, पण चूक नव्हती.

घडी सोडली, तर सासू बाहेर आली. "ही कसली करनी बांधली माझ्या दारात?"

मी तिला सगळं सांगितलं. थेंब कशासाठी, पावडर कशी नडली, सगळं. तिनं ऐकलं, आत गेली, आणि पाट आणि काठी घेऊन आली. मोरीपाशी पाट टाकून बसली. दोन दिवस ती तिथं बसली. कुत्री हाकलली, पोरांना म्हणाली, "बसा रे, भरपूर बसा." मुकादमाचा माणूस पावडरीचा डबा घेऊन चुकून तिकडं फिरकला, तर काठी उगारून त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवून आली. जेवायलाही तिथंच वाढून घेतलं. ज्या बाईनं माझी बादली वेगळी केली होती, ती घाणीच्या काठावर बसून भाकरी खात होती. मला म्हणाली, "एक पाय गेला घरातला. तेवढा बास झाला."

घडी मी काढली, मी पिळली. पावडरीचा वास नव्हता, दुसरा होता, आणि तो भयंकर होता. मला इतका चांगला वास पुन्हा आला नाही.

दीड महिन्यानं साहेब गल्लीतून लांब ढांगा टाकत आले. हातात पेढ्यांचा पुडा. प्रत्येक दारात पेढा देत होते. "सापडला! भिंगारमध्ये पोलिओ सापडला!" बायकांनी पेढे हातात घेतले होते, त्या तशाच उभ्या राहिल्या. एकीनं पेढा कोनाड्यात ठेवून दिला.

सासू म्हणाली, "सायेब, डोकं फिरलं का? रोग आला म्हनून तोंड गोड करताय?"

"आजी, आला आज नाही. तो होताच. आज सापडला."

सासूनं जरा विचार केला, पेढा तोंडात टाकला आणि आणखी एक मागितला.

थेंब आले ते बर्फाच्या पेटीतून. तेव्हाही लोक लगेच पुढं आले नाहीत. पोरांना पाजून वंश खुंटवणार, असं कुणीतरी उठवलं होतं. मी धाकटीला उचलून पहिल्यांदा पुढं केलं. मग सासूनं दारादारात जाऊन आवाज दिला, "माझ्या नातीला दिलंय. तुमची पोरं काय लई राजाची लागून गेली?" संध्याकाळपर्यंत चाळीतलं एक पोर राहिलं नाही. पुढं ठरावीक दिवसांनी दोनदा पुन्हा थेंब पाजले, तेव्हा हाका मारायची वेळ आली नाही. पाय गेलेल्या दोघांपैकी एकाची आई तिच्या धाकट्याला घेऊन आली होती. साहेबांशी बोलली नाही. पण आली.

थेंबांनी झालं की आणखी कशानं, ते मला छातीठोक सांगता येणार नाही. आमच्या चाळीत त्यानंतर पाय गेला नाही, एवढं मात्र मी स्वतः मोजलंय.

साहेबांची बदली झाली तेव्हा दुष्काळ पडला होता. निघायच्या दिवशी ते आमच्या ओट्यावर आले आणि तांब्या मागितला. पाणी मोजून वापरायचे दिवस होते. सासूनं काही न विचारता भरून दिला. त्यांनी अर्धाच ओतला, अर्धा परत केला.

धाकटी चांगली चालायला लागली होती. ती पाण्यातून थपथप गेली, परत आली, मजा वाटली म्हणून पुन्हा गेली. थोरली भिंतीला धरून उभी राहून तिला हसत होती. साहेब उकिडवे बसले. पट्टी काढली. डावं पाऊल मोजलं, उजवं मोजलं, आणि डावं पुन्हा मोजलं. मग वही उघडली. रकाने तेच होते. डावा, उजवा, दोन्ही. धड पायांना रकाना नव्हता.

त्यांनी पेन काढलं. मग तिन्ही रकान्यांवरून आडवा एकच शब्द लिहिला, निरंक. वही फिरवून माझ्यापुढं धरली.

"सही करा, बाई," म्हणाले. "तुमचा नमुना आहे."

मी पूर्ण नाव लिहिलं.